शहरात मोठी स्पर्धा येतेय? आधी आपण कुठल्या वर्तुळात राहतो ते बघा

शहराला ऑलिम्पिक, फुटबॉलचा वर्ल्ड कप, राष्ट्रकुल असलं काही मिळालं की लोकांचे लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो आता शहराचं सोनं होणार, दुसरा म्हणतो सामान बांधा आणि पळा. आणि गंमत म्हणजे त्या दोन-तीन आठवड्यांत मंगळवारी सकाळी कामाला जायचं कसं, आजारी माणसाला तपासणीला न्यायचं कसं, रात्री अकराला घरी परतायचं कसं हे दोघांपैकी कोणालाच सांगता येत नाही. म्हणून हे लिहितोय. स्पर्धा चांगली की वाईट हा वाद इथे नाही, तुमच्या शहरात ती येणारच आहे असं धरून चाललोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. गर्दी शहरभर सारखी वाढत नाही. ती एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ओतली जाते. लंडनला २०१२ च्या ऑलिम्पिकमध्ये ट्यूबवर (तिथली मेट्रो) प्रवाशांचे विक्रम झाले आणि त्याच दिवसांत मधल्या भागातले दुकानदार, टॅक्सीवाले, थिएटरवाले ओरडत होते की गिऱ्हाईक कुठे गेलं! दोन्ही खरं होतं. आधी कितीतरी महिने लोकांना इतकं घाबरवलं होतं, स्टेशनांवर घोषणा, पोस्टर, ईमेल, की रोजची माणसं त्या भागात फिरकलीच नाहीत. पॅरिसला २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये उद्घाटनाच्या आधीच्या आठवड्यात सेन नदीकाठच्या हॉटेलवाल्यांनी रिकाम्या टेबलांचं रडगाणं गायलं, तेही ह्याच कारणाने. म्हणजे अर्धं शहर ओस आणि अर्धं तुडुंब, एकाच दिवशी. तुम्ही कुठल्या अर्ध्यात आहात ह्यावर सगळं अवलंबून आहे.

वर्तुळ ओळखा

नकाशा घ्या, फोनवर नको, शक्यतो मोठा कागदी छापून घ्या कारण त्याच्यावर पेनाने रेघोट्या मारायच्या आहेत. बहुतेक लोक फक्त स्टेडियम बघतात, "आपल्यापासून आठ किलोमीटर लांब आहे, आपल्याला काय" म्हणतात आणि तिथेच फसतात. चार गोष्टी बघायच्या. सामने होणाऱ्या जागा, खेळाडू आणि अधिकारी राहणार ती ठिकाणं, ह्या दोघांना आणि विमानतळाला जोडणारे रस्ते, आणि प्रेक्षक ज्या दोन-चार स्टेशनांवर उतरणार ती स्टेशनं. ह्यातलं तिसरं सगळ्यात जास्त त्रास देतं आणि त्याच्याकडेच कोणाचं लक्ष नसतं. लंडनला असं जे रस्त्यांचं जाळं राखून ठेवलं होतं ते जवळपास १७५ किलोमीटरचं होतं आणि ते अशा कित्येक वस्त्यांतून जात होतं जिथे एकही सामना नव्हता. डावीकडे वळायला बंदी, पार्किंग बंद, सिग्नलच्या वेळा बदललेल्या, बस थांबे हलवलेले, हे सगळं त्या रस्त्यांवर होतं.

आता तीन वर्तुळं काढा. आतलं म्हणजे जिथे घरी जायलाच पास दाखवावा लागेल. मधलं म्हणजे राखीव रस्ते आणि गर्दीच्या स्टेशनांच्या आसपास, चालत पंधरा-वीस मिनिटांच्या आत. बाहेरचं म्हणजे उरलेलं शहर. बाहेरच्या वर्तुळात राहून काम पण बाहेरच्याच वर्तुळात असेल तर खरं सांगतो, तुम्हाला फारसं काही करायचं नाहीये, उलट ते दिवस बऱ्यापैकी आरामात जातील. पुढचं सगळं आतल्या आणि मधल्यांसाठी, आणि ज्यांचा रोजचा रस्ता मधल्या वर्तुळाला छेद देतो त्यांच्यासाठी.

आणि हो, मॅरेथॉन, सायकल रेस, रस्त्यावरच्या गाड्यांच्या शर्यती ह्या वेगळ्याच. ह्यांना स्टेडियम नसतं, शहरच स्टेडियम. मार्ग जर गोल फिरून परत येत असेल आणि तुमचं घर त्या गोलाच्या आत असेल तर शेवटचा स्पर्धक जाऊन रस्ता उघडेपर्यंत गाडी बाहेर निघणार नाही, मग तुम्ही कितीही विनवण्या करा. त्या दिवशी कुठे जायचंच असेल तर गाडी आदल्या रात्री गोलाच्या बाहेर नेऊन लावा. चालत ओलांडायला बहुतेक ठिकाणी जागा ठेवतात, ती कुठे आहे ते आधी बघून ठेवा.

तारखांपेक्षा तास महत्त्वाचे

वेळापत्रक आलं की लोक तारखा बघतात. तारीख उपयोगाची नाही, तास बघा. प्रेक्षक येतात तेव्हा पसरून येतात, कोणी तीन तास आधी, कोणी धावतपळत शेवटच्या मिनिटाला. पण सुटतात सगळे एकदम. साठ-सत्तर हजार माणसं वीस मिनिटांत एकाच दिशेला. म्हणून सुरू व्हायच्या वेळेपेक्षा संपायची वेळ लाल पेनाने लिहा आणि त्यापुढचे दोन तास त्या स्टेशनाच्या वाटेला जाऊ नका. दिवसात दोन-तीन सत्रं असतील तर दुपारी एक घाण वेळ येते, सकाळचे निघतात आणि संध्याकाळचे येतात, दोन लोंढे समोरासमोर. ऑफिस सुटायच्या वेळेला हे जुळलं तर मग बघायला नको.

सामना लांबू शकतो हेही धरा. जादा वेळ, पेनल्टी, पाऊस. कागदावर साडेदहाला संपणारी मॅच साडेअकराला संपली की शेवटची गाडी चुकलेल्या लोकांचा घोळका फुटपाथवर आणि टॅक्सीचा भाव आभाळाला.

कामावर जायचं कसं

लंडनच्या वाहतूकवाल्यांनी चार शब्द सगळीकडे चिकटवले होते. कमी करा, वेळ बदला, रस्ता बदला, साधन बदला. त्यांच्या पाहणीत रोजच्या प्रवाशांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांनी काहीतरी बदल केला आणि तेवढ्यावर यंत्रणा तरली. हे लक्षात घ्या, सगळ्यांना हलायची गरज नसते, तिघांतला एक हलला तरी गाड्या चालतात. लॉस एंजेलिसला १९८४ मध्ये तेच झालं, कंपन्यांनी कामाच्या वेळा पुढेमागे केल्या, ट्रकवाल्यांनी माल रात्री पोचवला, आणि ज्या शहराला सगळे जॅमवरून हसत होते तिथले फ्रीवे चक्क मोकळे दिसले. उलट अटलांटाला १९९६ मध्ये बाहेरगावाहून आणलेल्या बसड्रायव्हरांना रस्तेच माहीत नव्हते, खेळाडू आणि पत्रकार बसमध्ये भरकटत फिरले. बसेस होत्या, माणसंही होती, पण शहर माहीत असलेला माणूस सीटवर नव्हता.

चारांमधलं माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचं म्हणजे वेळ बदलणं. रस्ता बदलायला जाल तर तुमच्यासारखेच आणखी दहा हजार लोक तोच हुशार रस्ता शोधून बसलेले असतात. साहेबाशी दोन-तीन महिने आधी बोला आणि "त्या काळात जरा ॲडजस्ट करा" असं मोघम नको, नेमकं सांगा, ह्या ह्या अकरा दिवशी मी सातला येऊन तीनला निघेन, ह्या चार दिवशी घरून काम. दोहाला २०२२ च्या वर्ल्ड कपला सरकारी ऑफिसांत फक्त २० टक्के लोक बोलावले होते, तेही सकाळी ७ ते ११, आणि शाळांना सुट्टी. टोकियोने तर कॅलेंडरच हलवलं, तीन सरकारी सुट्ट्या उचलून उद्घाटन आणि समारोपाच्या आसपास नेऊन ठेवल्या. सिडनीने २००० मध्ये आणि दिल्लीने २०१० मध्ये शाळा बंद ठेवल्या. तुमच्याकडे असं काही जाहीर झालं तर पोरं घरी आणि तुम्ही कामावर अशी दुसरीच पंचाईत होते, त्याची सोय आधी लावा, कारण पाळणाघरवालीलाही त्याच कोंडीतून यायचं असतं.

नवीन रस्ता किंवा नवीन गाडी पकडणार असाल तर महिनाभर आधी कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळी, एकदा जाऊन बघा. रविवारी दुपारी जाऊन "पंचवीस मिनिटं लागली" म्हणण्यात अर्थ नाही. आणि स्टेशनाच्या आतलं पण बघा. गर्दीच्या दिवसांत येण्याजाण्याचे मार्ग एकतर्फी करतात, गाडी बदलायचे जिने बंद करतात, काही स्टेशनांवर गाडी थांबवतच नाहीत. नकाशावर जिथे गाडी बदलता येते तिथे त्या दिवशी येईलच असं नाही. एक स्टेशन अलीकडे उतरून चालत जाणं हा उपाय ऐकायला बावळट वाटतो पण पावणेदोन किलोमीटर वीस मिनिटांत होतात आणि खाली प्लॅटफॉर्मवर त्याच वेळात तुम्ही जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर असता.

एक रस्ता बंद पडला तर दुसरा कुठला हे घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं. २८ मे २०२२ ला पॅरिसजवळ चॅम्पियन्स लीग ह्या युरोपातल्या फुटबॉल स्पर्धेची फायनल होती, एका रेल्वे लाईनवर संप, म्हणून हजारो लोक दुसऱ्या लाईनवर ढकलले गेले आणि तिथून स्टेडियमला जायची वाट हायवेखालच्या एका अरुंद बोगद्यातून होती. पुढे काय झालं ते जगाने पाहिलं, चेंगराचेंगरी होता होता राहिली, अश्रुधूर सोडला, मॅच अर्ध्या तासापेक्षा जास्त उशिरा सुरू झाली. तेव्हा कुठल्याही मार्गात चिंचोळी जागा दिसली, बोगदा, पूल, एकच गेट, की तो मार्ग त्या वेळेपुरता खोडून टाका. ह्यात काही शौर्य नाही.

नव्या मेट्रोच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. पॅरिसची लाईन १४ वाढवून झाली ती २४ जून २०२४ ला, स्पर्धेला महिना उरला असताना, म्हणजे वेळेत म्हणायचं. रिओची लाईन ४ स्पर्धेच्या चार दिवस आधी सुरू झाली पण फक्त स्पर्धेचे पास आणि तिकीटवाल्यांसाठी, साधं पब्लिक स्पर्धा संपल्यावर सप्टेंबरात चढलं. दिल्लीची विमानतळ मेट्रो २०१० च्या राष्ट्रकुलसाठी यायची होती, ती आली फेब्रुवारी २०११ मध्ये. "तोपर्यंत मेट्रो होईल" ह्या वाक्यावर घर, नोकरी, शाळा काहीही ठरवू नका.

तिकिटाचं पण बघून ठेवा. पॅरिसला मेट्रोचं सुटं तिकीट २.१५ युरोवरून थेट ४ युरो केलं होतं, पण महिन्याचा पास असलेल्यांना काही फरक पडला नाही. म्हणजे पास काढलेला शहाणा, आणि अधूनमधून मेट्रोने जाणारा भरडला गेला. दरवाढ सुरू व्हायच्या आधी घेतलेली तिकिटं चालणार का हे स्टेशनावर विचारून घ्या.

गाडी असेल तर

खेळाडू-अधिकाऱ्यांच्या गाड्यांसाठी राखून ठेवलेल्या लेनमध्ये चुकून शिरलात तरी दंड. लंडनला १३० पाउंड होता, पॅरिसला १३५ युरो. कॅमेरा बघत नाही की तुम्ही वळायला शिरलात की घाईत शिरलात. लंडनला काही वेळा ह्या लेन मोकळ्या असतील तेव्हा बोर्डावर तसं दाखवून सगळ्यांना खुल्या करायचे, म्हणून बोर्ड वाचायची सवय लावा, आणि शेजारचा गेला म्हणून मागोमाग जाऊ नका, त्याच्याकडे पास असेल.

बेजिंगने २००८ मध्ये २० जुलै ते २० सप्टेंबर सम-विषम लावलं होतं, नंबर सम असेल तर एक दिवस, विषम असेल तर दुसरा. टोकियोने एक्सप्रेसवेवर दिवसा खाजगी गाड्यांना १००० येन जास्तीचे लावले आणि मध्यरात्रीनंतर टोल अर्धा केला. असं काही तुमच्याकडे येणार असेल तर ते फार आधी सांगत नाहीत, त्यामुळे शेजारी कोणाचा नंबर सम आणि कोणाचा विषम हे आत्ताच बघून जोडी जमवून ठेवलेली बरी.

बाकी पार्किंगबद्दल एवढंच, मधल्या वर्तुळात रस्त्यावर गाडी लावू नका. आदल्या रात्री बोर्ड लागतो आणि सकाळी गाडी टोइंगवाल्यांकडे असते.

घरी बसलेल्यांचं काय

ह्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं आणि खरी परवड इथेच होते. आतल्या वर्तुळातल्या घराला पास लागतो. पॅरिसला उद्घाटनाआधी १८ जुलैपासून नदीकाठच्या पट्ट्यात राहणाऱ्याला क्यूआर कोड दाखवल्याशिवाय स्वतःच्या घरी जाता येत नव्हतं, त्यासाठी आधी नोंदणी, कागदपत्रं, पोलिसांची पडताळणी. आता विचार करा, तुमच्या घरी कोण कोण येतं? कामवाली, नर्स, फिजिओ, डबेवाला, शिकवणीची बाई, दर आठवड्याला येणारी बहीण. ह्या प्रत्येकाचा पास काढायला लागू शकतो. भाडेकरू असाल आणि पत्त्याचा पुरावा जुना असेल तर आत्ताच बदलून घ्या, अर्जांची रांग लागल्यावर तुमचं कोणी ऐकणार नाही. आणि पासची प्रिंट खिशात ठेवा, कारण मोठ्या गर्दीत मोबाईलचं नेटवर्क मान टाकतं आणि नेमका तेव्हाच क्यूआर कोड उघडत नाही.

औषधं तीन-चार आठवड्यांची भरून ठेवा. ज्यांचं डायलिसिस, केमो असं ठरलेल्या दिवशी असतं त्यांनी दवाखान्याला आधीच विचारावं की वेळ सकाळची लवकरची मिळेल का, किंवा तेवढ्यापुरतं दुसऱ्या शाखेत होईल का. बाळंतपणाची तारीख त्याच सुमारास असेल तर दवाखान्यात पोचायचे दोन रस्ते आणि नाक्यावरच्या पोलिसाला काय सांगायचं हे ठरवून ठेवा. अँब्युलन्सना सगळीकडे सोडतातच, पण तुमच्या खाजगी गाडीला सोडतील असं गृहीत धरू नका.

ऑनलाइन मागवलेल्या वस्तू रात्री-बेरात्री येतील किंवा येणारच नाहीत. कचऱ्याची गाडी पहाटे तीनला वाजत येईल. डोक्यावर हेलिकॉप्टर. लंडनमध्ये तर पूर्व भागातल्या बिल्डिंगवाल्यांना पत्रक आलं की तुमच्या गच्चीवर क्षेपणास्त्रं बसवणार आहोत! एका टॉवरचे रहिवासी कोर्टात गेले आणि हरले. म्हणून बिल्डिंगच्या दारात कुठलंही सरकारी पत्रक पडलं तर जाहिरात समजून फेकू नका, हरकत घ्यायची तारीख त्याच्यातच बारीक अक्षरात असते.

भाडेकरू, आणि भाड्याने द्यायच्या विचारात असलेले

भाडेकरूंनी करार आज काढून वाचा. नोटीस किती दिवसांची, भाडं मध्येच वाढवता येतं का, करार नेमका स्पर्धेच्या आधीच्या महिन्यात संपतोय का. संपत असेल तर आत्ता, घरमालकाच्या डोक्यात आकडे नाचायला लागायच्या आधी, वर्षभर वाढवून घ्या.

आणि घरमालकांनो, तुमच्यासाठी पॅरिसचा किस्सा. लोकांनी वर्षभर आधीच स्वप्नं बघितली, फ्लॅट तिप्पट भावाने जाणार, आपण गावी जाऊन राहू. पण हाच विचार सगळ्यांनी केल्यामुळे घरं एवढी बाजारात आली की स्पर्धा जवळ येईल तसे भाव पडत गेले. देणारच असाल तर लवकर द्या, बरा भाव मिळाला की थांबू नका. शेवटच्या महिन्यात गिऱ्हाईक राजा असतो.

छोटं दुकान असेल तर माल आधी भरा, पहाटे घ्या, आणि जास्त गिऱ्हाईक येईल म्हणून कर्ज काढून दुप्पट माल भरायच्या भानगडीत पडायच्या आधी तुमच्या दारावरून प्रेक्षकांची चालायची वाट जाते का एवढं बघा. कुंपण लागून गर्दी पलीकडच्या गल्लीतून वळवली तर तुमच्या दारात कावळाही येणार नाही.

विचारायचं काय आणि कधी

रहिवाशांची बैठक होते तेव्हा लोक तावातावाने "एवढा पैसा का घालवता" विचारतात. प्रश्न रास्तच आहे, मॉन्ट्रियलने १९७६ च्या स्पर्धेचं कर्ज २००६ पर्यंत फेडलं. पण तो प्रश्न विचारायची वेळ यजमानपद घ्यायच्या आधीची. हॅम्बुर्गने २०१५ मध्ये आणि कॅलगरीने २०१८ मध्ये मतदान घेतलं, लोकांनी नको म्हटलं आणि विषय मिटला. स्पर्धा मिळून गेल्यावर मात्र छोटे, नेमके प्रश्न विचारा, त्यांची उत्तरं द्यावी लागतात. माझ्या गल्लीत गाडी किती वाजेपर्यंत शिरेल? बस थांबा कुठे हलवणार? व्हीलचेअरवाल्यांसाठी कुठली वाट उघडी राहील? तक्रारीचा फोन रात्री दोनला कोण उचलणार? आणि हे नियम नक्की कुठल्या तारखेला संपतात?

हा शेवटचा प्रश्न लेखी विचारा. बेजिंगचं सम-विषम संपलं पण त्याच ऑक्टोबरात आठवड्यातून एक दिवस गाडी बंद हा नियम आला. पॅरिसच्या रिंगरोडवर स्पर्धेसाठी राखीव ठेवलेली लेन पुढे २०२५ मध्ये एकापेक्षा जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठी राखीव झाली. ह्यात वाईटच असतं असं नाही. अटलांटात त्या सतरा दिवसांत सकाळची वाहतूक साधारण २२ टक्क्यांनी घटली, हवेतला ओझोनही (श्वासाला त्रास देणारा वायू) खाली आला, आणि मुलांचे दम्याचे झटके कमी झाले असं एका अभ्यासात निघालं (नंतर दुसऱ्यांनी दाखवलं की त्या काळात आसपासच्या शहरांतही ओझोन कमी होता, त्यामुळे सगळं श्रेय गाड्यांना देता येत नाही). पण लेन राहणार असेल तर ते आपल्याला आधी माहीत असावं, एवढंच.

आणि ऑलिम्पिक असेल तर समारोप झाला म्हणून नकाशा फाडू नका. दोन-अडीच आठवड्यांत पॅरालिम्पिक सुरू होतं, राखीव रस्ते, पास, बदललेले थांबे हे बरंचसं परत येतं, आणि तेव्हा शाळा-ऑफिसं सुट्टीवरून परत आलेली असतात. पॅरिसमध्ये ते २८ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर होतं आणि ४ युरोचं तिकीटही ८ सप्टेंबरपर्यंतच चाललं. साहेबाकडून सवलत मागताना ह्या तारखाही त्याच अर्जात घाला, दुसऱ्यांदा मागायला गेलात तर मिळत नाही.